पॅकिंगसाठी रबर शीट: निवड, तपासणी, कटिंग आणि बसवणं

दोन पाइप बोल्टने जोडणारी कडी, म्हणजे फ्लँज, गळायला लागला की पहिला हात पान्याकडे जातो. बोल्ट आवळले की थेंब थांबतो, आठवड्याने पुन्हा सुरू होतो. मग दोन फ्लँजच्या मधलं रबराचं पॅकिंग काढून पाहिलं तर ते आतल्या कडेने फुगून खरवडता येईल इतकं मऊ झालेलं असतं, नाहीतर कडक होऊन पापडासारखं तुटतं. अशा वेळी कितीही आवळलं तरी उपयोग नव्हता, कारण रबरच त्या द्रवासाठी चुकीचं होतं. स्टोअरमध्ये ‘काळी शीट, ३ एमएम’ एवढंच लिहून मागणी जाते, तिथेच ही गळती ठरून जाते.

काळ्या रंगाच्या चार शीट शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक कळत नाही. एक नायट्रिल असेल, एक निओप्रीन, एक ईपीडीएम आणि एक भंगार टायरच्या रिक्लेम रबरात खडूची पावडर मिसळून लाटलेली. म्हणून निवडीचा क्रम ठरलेला असावा: आधी द्रव, मग तापमान, मग दाब, आणि सगळ्यात शेवटी भाव.

द्रव कोणता, त्यावर रबर

तेल, डिझेल, ग्रीस, हायड्रॉलिक ऑइल, ट्रान्सफॉर्मर ऑइल असेल तर नायट्रिल. हे रबर ब्युटाडाइन आणि ॲक्रिलोनायट्राइल यांच्यापासून बनतं. ॲक्रिलोनायट्राइलचं प्रमाण साधारण १८ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असतं, आणि नेहमीच्या कामाच्या ग्रेडमध्ये ३३-३४ टक्के. हे प्रमाण वाढलं की तेलाला टक्कर देण्याची ताकद वाढते, पण थंडीत रबर लवकर ताठ होतं. नायट्रिल सतत १०० °से.पर्यंत वापरावं. त्याचा मोठा दोष म्हणजे ऊन आणि ओझोन. उघड्यावरच्या टाकीवर ताणलेलं नायट्रिल काही महिन्यांत ताणाच्या आडव्या दिशेने बारीक भेगा दाखवायला लागतं.

पाणी, गरम पाणी, कमी दाबाची वाफ, कॉस्टिक सोडा, पातळ आम्लं, सोडियम हायपोक्लोराइट, उघड्यावरची जागा यासाठी ईपीडीएम. याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसतात, म्हणून ओझोनला तोडायला काही सापडत नाही आणि वर्षानुवर्षं उन्हात राहूनही ते टिकतं. पण ही साखळी हायड्रोकार्बनची असल्यामुळे खनिज तेल तिच्यात सहज शिरतं. डिझेलच्या लाइनला लावलेलं ईपीडीएम फुगून जवळजवळ दुप्पट होऊ शकतं. गंधकाने व्हल्कनाइझ केलेलं, म्हणजे उष्णता देऊन पक्कं केलेलं, ईपीडीएम साधारण १२० °से.पर्यंत, पेरॉक्साइडने केलेलं १४० °से.च्या आसपासपर्यंत चालतं. साखर कारखान्यात सल्फिटेशननंतरचा, म्हणजे गंधकाचा वायू देऊन स्वच्छ केलेला, रस १०२ ते १०५ °से.ला तापवतात. त्या ज्यूस हीटरच्या झाकणांना पेरॉक्साइड क्युअर्डच मागावं. साधं दिलं तर हंगाम संपायच्या आत ते चपटं होऊन बसतं.

वाफेच्या बाबतीत दाबाचा आकडा तापमानात बदलून पाहायची सवय हवी. ३.५ बार गेज दाबाची (गेजवर दिसणाऱ्या दाबाची) संपृक्त, म्हणजे उकळत्या पाण्यावरची, वाफ १४८ °से. असते, ७ बारची १७० °से. म्हणजे बॉयलरच्या मुख्य लाइनवर कुठलीच साधी रबर शीट बसत नाही. तिथे नॉन-ॲस्बेस्टॉस फायबर शीट किंवा ग्रॅफाइट लागतं. सिलिकॉन २०० °से. सोसतं म्हणून ते वाफेला लावण्याचा मोह होतो. कोरड्या उष्णतेला ते उत्तम आहे, ओव्हनच्या दाराला तर त्याच्याइतकं चांगलं काही नाही. पण दाबाखालच्या गरम वाफेत त्याची साखळी तुटते आणि ते चुरा होतं. शिवाय कडेला एक चीर पडली की ती सरळ आरपार फाटत जाते.

निओप्रीन मधल्या वाटेचं आहे. १९३० साली अमेरिकेत ड्यू पाँटच्या प्रयोगशाळेत ते सापडलं. त्यातल्या क्लोरीनमुळे ज्योत बाजूला केली की ते स्वतःहून विझतं. तेल थोडंफार सोसतं, ऊन बऱ्यापैकी सोसतं, पाणी सोसतं. अव्वल मात्र कशातच नाही. जिथे तेलाचे शिंतोडे आणि ऊन दोन्ही आहेत, तिथे तेच घ्यावं: उघड्यावरच्या पॅनलची दारं, कंप्रेसरखालचे पॅड, डक्टचे फ्लँज. पुलाच्या गर्डरखालचे बेअरिंगही याच रबराचे असतात, पण ते स्टीलच्या पत्र्यांसकट साच्यात एकत्र व्हल्कनाइझ केलेले असतात. शीटचे तुकडे एकावर एक रचून ते काम होत नाही.

व्हायटॉन हे फ्लोरीन असलेलं रबर महाग असतं, म्हणून ते सगळ्याला चालतं असा समज आहे. गरम तेल, पेट्रोल, टोल्यूइन, संहत सल्फ्युरिक ॲसिड यांना ते खरोखरच चांगलं. पण ॲसिटोन किंवा एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) या द्रावकांमध्ये ते स्पंजासारखं फुगतं, अमाइन आणि गरम कॉस्टिक त्याला ठिसूळ करतात. तारापूर किंवा लोटेसारख्या रासायनिक वसाहतीत एकाच प्लँटमध्ये टोल्यूइन आणि ॲसिटोन दोन्हींच्या लाइन शेजारी असू शकतात. टोल्यूइनला व्हायटॉन आणि ॲसिटोनला त्याच्या कितीतरी स्वस्तातलं ईपीडीएम, असं उलटसुलट गणित तिथे बरोबर असतं. दोन्ही एकाच लाइनमधून जात असतील किंवा संहत नायट्रिक ॲसिड असेल, तर रबराचा नाद सोडून पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन, घ्यावं.

एसबीआर (स्टायरीन-ब्युटाडाइन रबर), म्हणजे बाजारात ‘कमर्शियल’ म्हणून मिळणारी शीट, थंड पाणी, हवा आणि घासण्याच्या कामासाठी ठीक, साधारण ७० °से.पर्यंत. तेलापासून ती दूर ठेवावी. दुधाच्या कामाला पांढरं फूड ग्रेड नायट्रिल घेतात, कारण स्निग्धांश ईपीडीएममध्ये मुरतो.

किलोचा भाव फसवा असतो

आपल्याकडे रबर शीट बहुधा किलोवर विकली जाते आणि वापरली जाते चौरस मीटरवर. इथेच भरपूर पैसा गळतो. स्वस्त शीटमध्ये खडू आणि माती भरून वजन वाढवलेलं असतं.

१ मीटर रुंद, १० मीटर लांब, ३ मिमी जाडीच्या रोलचं आकारमान ३० लिटर. घनता (एका घन सेंटिमीटरचं ग्रॅममधलं वजन) १.२५ असेल तर रोल ३७.५ किलोचा, १.७ असेल तर ५१ किलोचा. समजा हलकी शीट २०० रुपये किलो आणि जड शीट १५० रुपये किलो. हलक्या रोलचे झाले ७,५०० रुपये, जड रोलचे ७,६५०. स्वस्त म्हणून घेतलेला माल महागात पडला, आणि त्यात रबर कमी ते वेगळंच.

घनता मोजायला दहा मिनिटं लागतात. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. शीटचा १० ते २० ग्रॅमचा तुकडा कापून वजन करा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा, तुकडा बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काठाला टेकणार नाही असा धरा. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला की तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटत नाहीत. आता काट्यावर जो आकडा दिसेल तेवढं त्या तुकड्याचं आकारमान, घन सेंटिमीटरमध्ये. आधीच्या वजनाला त्याने भागा. १५ ग्रॅमच्या तुकड्याने १२ दाखवलं तर घनता १.२५.

चांगल्या मालाची घनता साधारण अशी असते: ईपीडीएम १.१ ते १.२५, नायट्रिल १.२ ते १.३५, निओप्रीन १.३५ ते १.५, सिलिकॉन १.१५ ते १.२५, व्हायटॉन १.८च्या पुढे. नायट्रिल म्हणून आलेली शीट १.६५ भरली तर त्यात नायट्रिल किती हा प्रश्न विचारायलाच हवा. आणि व्हायटॉन म्हणून आलेली १.४ भरली तर ते व्हायटॉन नाहीच.

माल आल्यावर करायच्या चाचण्या

शीटचा कोपरा पूर्ण दुमडून चिमटीत दाबा. घडीवर पांढरट रेघ उठली तर भराव जास्त आहे. तडा गेला तर परत पाठवा. पांढऱ्या कागदावर घासा. काळा डाग सहज उठला आणि जळक्या टायरचा वास आला तर रिक्लेम भरपूर आहे. पृष्ठभागावर पांढरी भुकटी दिसली म्हणून मात्र घाबरू नका. ते बऱ्याचदा आतून वर आलेलं मेण किंवा गंधक असतं, फडक्याने पुसलं जातं आणि शीट चांगली असते.

निओप्रीन ओळखायला तांब्याची तार उपयोगी पडते. तार ज्योतीत लाल करा, रबरावर टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. हिरवी ज्योत म्हणजे क्लोरीन आहे. पीव्हीसी मिसळलेलं नायट्रिलही हिरवं दाखवतं, म्हणून ही एकच चाचणी पुरेशी मानू नका. हे उघड्यावर करा, धूर छातीत घेऊ नका. आणि व्हायटॉन असण्याची शक्यता असेल तर तो तुकडा ज्योतीजवळ नेऊच नका. त्यातून हायड्रोजन फ्लोराइड सुटतो.

सगळ्यात भरवशाची परीक्षा म्हणजे तुमच्याच लाइनमधला द्रव. ५० × २५ मिमीची पट्टी वजन करून त्यात बुडवा, शक्य असेल तर चालू तापमानाला, तीन दिवस. काढून पुसा, लगेच वजन करा. १० टक्क्यांपर्यंत वाढ चालते, ३०च्या पुढे गेली तर ते रबर त्या कामाचं नाही. वजन घटलं तर अधिक सावध व्हा. तेलाने रबरातला प्लॅस्टिसायझर, म्हणजे त्याला मऊ ठेवणारं मिश्रण, ओढून काढलेला असतो. असं पॅकिंग सुरुवातीला छान बसतं, पुढे आकसतं, आणि प्लँट थंड झाल्यावर गळतं.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे दाब काढल्यावर शीट किती परत उठते. ३ मिमीचे चार तुकडे रचून १२ मिमी करा. दोन जाड पत्र्यांमध्ये, ९ मिमीचे स्पेसर लावून दाबा आणि ७० °से.च्या ओव्हनमध्ये २२ तास ठेवा. बाहेर काढून लगेच सोडा, अर्ध्या तासाने मोजा. ११.१ मिमी भरलं तर हरवलेले ०.९ भागिले दाबलेले ३, म्हणजे कॉम्प्रेशन सेट ३० टक्के. पॅकिंगसाठी इथपर्यंत ठीक. ५०च्या पुढची शीट लवकर निर्जीव होते, मग बोल्टमध्ये ताण उरत नाही. मोठी खरेदी असेल तर प्रमाणपत्र प्रयोगशाळेचं घ्यावं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधली, पूर्वी इर्मरा म्हणून ओळखली जाणारी रबर उद्योगाची संशोधन संस्था अशा चाचण्या करते.

मागणीपत्रात रबराचं नाव, जाडी, शोअर ए कडकपणा (रबर किती कडक ते सांगणारा आकडा), घनता आणि कॉम्प्रेशन सेट असे पाचही मुद्दे लिहा. कडकपणा बहुतेक कामांना ६५ ± ५ घ्यावा. पत्र्याच्या हलक्या, वेड्यावाकड्या फ्लँजला ४०-४५. जास्त दाबाला कापड घातलेली इन्सर्शन शीट बरी, कारण कापड रबराला बाहेर सरकू देत नाही.

कटिंग: ४ इंची फ्लँजचं उदाहरण

क्लास १५० (फ्लँजचा दाबाचा वर्ग) च्या ४ इंची फ्लँजचा बाहेरचा व्यास २२९ मिमी, बोल्टच्या भोकांचं वर्तुळ १९०.५ मिमी, भोकं ८, प्रत्येकी १९ मिमीची. पूर्ण तोंडाचं, म्हणजे बोल्टच्या भोकांसकट फ्लँज झाकणारं, पॅकिंग कापायचं तर एकाच केंद्रावरून तीन वर्तुळं काढा: त्रिज्या ५७, ९५.२५ आणि ११४.५. मधल्या वर्तुळावर कंपास ७२.९ मिमीवर ठेवून टप्पे घेत गेलात की आठवा टप्पा बरोबर पहिल्या खुणेवर येतो. आला नाही तर कंपास सरकला आहे, पुन्हा मोजा. काळ्या शीटवर चंदेरी पेन चांगला उठतो.

भोकं आधी पाडा, वर्तुळं नंतर कापा. उलट केलं तर मोकळी रिंग पंचाखाली सरकते. भोकासाठी २० किंवा २१ मिमीचा पोकळ पंच घ्या, खाली लाकडाचा आडवा कापलेला ठोकळा किंवा जाड एचडीपीई पाट ठेवा, लोखंड नको. ड्रिलने भोक पाडू नये. रबर ताणलं जातं, भोक बिटापेक्षा लहान आणि कडा चिंध्या होतात. वर्तुळाला कंपास कटर वापरा, पातं साबणाच्या पाण्यात बुडवून, दोन-तीन फेऱ्यांत. एका दमात कापायला गेलं की कड तिरकी होते.

शीट फ्लँजवर ठेवून हातोडीने कडेकडेने ठोकत पॅकिंग पाडायची पद्धत सगळीकडे दिसते. ती सोडावी. फ्लँजची कड बोथट होते, बिडाच्या फ्लँजला टवका उडतो, आणि पॅकिंगच्या कडेवर जे दाते राहतात तिथूनच पुढे चीर सुरू होते.

आतलं भोक पाइपच्या बोअरपेक्षा लहान नसावं. आत डोकावणारी कड प्रवाहात फडफडते, तुकडा सुटतो आणि पुढच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतो.

बसवताना

जुन्या पॅकिंगचा थर पितळेच्या खरवडणीने काढा. दोन फ्लँज समोरासमोर आणि समांतर आहेत का पाहा. बोल्टच्या जोरावर पाइप ओढून आणला तर तो ताण पॅकिंगवर कायमचा राहतो. एक फ्लँज बिडाचा असेल तर पूर्ण तोंडाचंच पॅकिंग लावा. बोल्टच्या आतच बसणारी रिंग लावून आवळलं तर बिडाचा कान तुटतो.

ग्रीस लावू नका. लावायला सोपं जातं, पण ग्रीसमुळे पॅकिंग दाबाखाली बाहेर घसरतं, आणि ईपीडीएम असेल तर फुगायला तिथूनच सुरुवात होते. पॅकिंग कोरडंच ठेवा. एकावर एक दोन पॅकिंगही नकोत. गॅप मोठा असेल तर जाड शीट घ्या, आणि गॅप मोठा का झाला ते आधी शोधा.

रबर दाबलं तरी त्याचं आकारमान कमी होत नाही. ते जाडीत दबतं आणि बाजूला फुगतं. म्हणून ‘जितकं आवळू तितकं घट्ट’ हा हिशोब रबराला लागू नाही. ठराविक मर्यादेनंतर ते फ्लँजमधून बाहेर पिळलं जातं आणि बोल्टच्या भोकापासून फाटतं. जाडीच्या २० ते २५ टक्के दाब पुरे. एम १६ बोल्टच्या आट्यांचं अंतर २ मिमी, म्हणजे नट एक तृतीयांश फेरा फिरवला की साधारण ०.६७ मिमी दबतं. ३ मिमीचं पॅकिंग २.३ वर येतं, झालं काम.

हे करायचं कसं? सगळे नट हाताने फिरवून रबराला नुसते टेकवा. प्रत्येक नटावर आणि फ्लँजवर खडूची रेघ मारा. मग बोल्टना घड्याळाच्या क्रमाने आकडे देऊन १, ५, ३, ७, २, ६, ४, ८ या क्रमाने प्रत्येकी एक षष्ठांश फेरा, म्हणजे षटकोनी नटाची एक बाजू. त्याच क्रमाने पुन्हा एक बाजू. चार ठिकाणी व्हर्नियरने गॅप मोजा, ०.२ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर जास्त गॅपच्या बाजूचे नट हळूहळू सारखे करा. दुसऱ्या दिवशी, लाइनमध्ये दाब नसताना आणि ती थंड असताना, एकदा नट तपासा. पुढे महिन्यांनी गळती दिसली तर पुन्हा आवळू नका. तोवर रबर कडक झालेलं असतं, जास्त दाबाने ते तडकतं. पॅकिंग बदला.

पॅकिंगखेरीज

कन्व्हेयरच्या स्कर्टला, म्हणजे माल सांडू नये म्हणून बेल्टच्या कडेला लावलेल्या पट्टीला, ५० ते ६० शोअरचं, कापड नसलेलं रबर लावा आणि ते बेल्टला जेमतेम टेकेल असं ठेवा. जुन्या बेल्टच्या पट्ट्या कापून स्कर्ट करणं फुकटात पडतं असं वाटतं. पण त्यांच्यात रुतलेली खडी आणि आतलं कापड चालू बेल्टवर कानशीसारखं काम करतं. शंभर-दीडशे मीटरचा बेल्ट अशाने लांबीभर चरा पाडून घेतो.

शूटला (माल खाली घसरवणाऱ्या पत्र्याच्या वाटेला) शीट चिकटवताना पत्रा ब्लास्ट करून किंवा ३६ ग्रिटच्या डिस्कने चकचकीत करून घ्या, रबराची चिकटवायची बाजू खरखरीत करा. निओप्रीन सिमेंटमध्ये हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच मिसळा आणि एका बैठकीत संपेल एवढंच करा. पहिला हात पूर्ण वाळू द्या, दुसरा हात बोटाच्या मागच्या बाजूला चिकटेल पण लागणार नाही इथपर्यंत. मग मधून कडेकडे रोलर दाबत हवा बाहेर काढा. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ °से. जास्त हवं. कोकणात पावसाळ्यात हेच जमत नाही. पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारा ओलावा धरतो आणि आठवड्याभरात लायनिंग कोपऱ्यातून सुटतं. काम थांबवता येत नसेल तर पत्रा हॅलोजन दिव्याने शेकत ठेवा.

आणि विजेच्या पॅनलसमोर साधी काळी शीट अंथरून तिला मॅट म्हणू नका. काळेपणासाठी घातलेला कार्बन ब्लॅक वीज वाहू शकतो. म्हणजे जी वस्तू जीव वाचवायला ठेवली, तिच्यातूनच धक्का बसू शकतो. तिथे आयएस १५६५२ प्रमाणे शिक्का असलेली मॅटच हवी: ३.३ केव्हीपर्यंत (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) वर्ग ए, जाडी २ मिमी. ११ केव्हीला बी, २.५ मिमी, ३३ केव्हीला सी, ३ मिमी, ६६ केव्हीला डी, ३.५ मिमी. वर्गाचा शिक्का मॅटवरच छापलेला असतो, तो शोधा. मॅटला खिळे मारू नका, तिच्यावरून ट्रॉली नेऊ नका. चीर पडलेली मॅट त्याच दिवशी काढा.

उरलेली शीट गुंडाळून आडवी ठेवा, अंधारात, २५ °से.च्या जवळपास. घडी घातली की घडीवर भेगा पडतात, खिळ्याला टांगली की भोकापासून फाटते. वेल्डिंग मशिन आणि चालू मोटारींजवळ ओझोन तयार होतो, तिथे रॅक नको. एसबीआर पाच वर्षं, नायट्रिल आणि निओप्रीन सात, ईपीडीएम, सिलिकॉन आणि व्हायटॉन दहा वर्षं, असा साठवणीचा धरलेला काळ आहे. तो मोजायचा तर प्रत्येक रोलवर रबराचं नाव आणि तारीख पांढऱ्या रंगाने, टोकापासून एक मीटर आत लिहा. टोकाला लिहिलेलं नाव पहिल्याच पॅकिंगबरोबर कापून जातं, आणि मग रॅकवर पुन्हा एक निनावी काळी शीट उरते.